साठी उलटल्यावर पुन्हा इमॅजिका: कोणत्या राइड घ्याव्यात, कोणत्या सोडाव्यात?

प्रश्न – सावरकरनगरकर

डिसेंबरात खोपोलीच्या इमॅजिका थीम पार्कला जायचं ठरतंय. २०१३ साली पार्क सुरू झालं, त्याच्या पुढच्याच वर्षी नायट्रो या मोठ्या रोलरकोस्टरसकट सगळ्या राइड झाल्या होत्या. आता बरोबर नातवंडं आहेत, वय ९ आणि १४.

माझं वय ६३. बीपी आहे, अ‍ॅम्लोडिपिन ५ वर ताब्यात असतं. प्रोस्टेटसाठी रात्री टॅम्सुलोसिन. सौभाग्यवती ५९, मधुमेह (मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड), उजवा गुडघा झिजलेला, आणि कसारा घाटात हमखास मळमळतं. हृदयाचा त्रास दोघांनाही नाही.

नुसतं बाकावर बसून पिशव्या सांभाळायला जायचं नाहीये. पण उगाच धाडसही नको. कोणती राइड शरीराला नेमकं काय करते हे कुणी नीट सांगेल का? शिवाय नाशिकहून एका दिवसात जाऊन येणं जमेल का, आणि त्याआधी काही तयारी करावी का?

---

नटबोल्ट_सातपूर

काका, उंची आणि वेगाचे आकडे बाजूला ठेवा. झटका कोणत्या दिशेने बसतो आणि तो येणार हे मानेला आधी कळतं का, एवढ्या दोन गोष्टींवरून राइड निवडा.

नायट्रो ही फ्लोअरलेस जातीची आहे. गाडी सुटायच्या आधी पायाखालची जमीन सरकते आणि पाय लोंबकळत राहतात. उंची साधारण ४० मीटर, पाच वेळा उलटं व्हायला होतं. लूपच्या तळाशी अशा गाड्यांत वजन तिप्पट-चौपट झाल्यासारखं वाटतं. पण हा भार डोक्याकडून पायाकडे, पाठीच्या कण्याच्या रेषेत येतो आणि हळूहळू वाढतो. कणा धड असेल तर तो सोसतो. मानेला त्रास होतो तो बाजूच्या हिसक्यांनी, आणि तेही डोकं वळवलेलं असताना.

म्हणून बसल्यावर पहिलं काम म्हणजे पाठ आणि डोकं मागच्या आधाराला पूर्ण टेकवायचं. खांद्यावरून येणारा हार्नेस खाली ओढताना पोक काढून बसू नका. पोक काढलेल्या अवस्थेत तो घट्ट झाला तर नंतर सरळ होता येत नाही आणि पूर्ण फेरीभर खांदे दाबले जातात. नजर समोरच्या रुळावर ठेवा. शेजारी नातवाचा चेहरा बघायला वळायचा मोह होतो, तो तेवढा आवरा. दातावर दात ठेवा, जीभ आत.

जागा मधल्या डब्यात घ्या. शेवटच्या डब्याला पुढची निम्मी गाडी उताराला लागल्यावर खेचलं जातं, त्यामुळे तो माथा सगळ्यात वेगात ओलांडतो आणि माणूस सीटवरून उचलला जातो. कमरेला ते नको. पहिल्या डब्यात देखावा उत्तम, वारा फार. मधला डबा सगळ्यात समंजस.

डीप स्पेस ही रोलरकोस्टर बुटकी आणि बंदिस्त आहे म्हणून सोपी असेल, असं बरेच जण समजतात. तिथे गाडीला ढकलून एकदम वेग देतात आणि आत अंधार. वळण दिसलं की मानेचे स्नायू क्षणभर आधीच ताठतात, अंधारात ती सूचना मिळत नाही. मान नाजूक असेल तर माझ्या मते नायट्रोपेक्षा हीच आधी वगळावी. मानेचं दुखणं असेल तर अर्थात दोन्ही.

स्क्रीम मशीन म्हणजे लंबकासारखा झोका अधिक स्वतःभोवती फिरणं. पूर्वी कधी चक्करीचा आजार झाला असेल, कूस बदलताना खोली फिरल्यासारखी होत असेल, तर लांबूनच नमस्कार. कानाच्या आतले बारीक कण जागा सोडतात त्यातून ती चक्कर येते, आणि त्यांना अशा हिसक्याची संधी देऊ नये.

उंचावरून सरळ खाली सोडणाऱ्या टॉवरमध्ये खरा भार पडताना येत नाही, थांबताना येतो. अशा टॉवरना बहुधा चुंबकी ब्रेक असतात, त्यामुळे दणका पसरून बसतो. तरी हाडं ठिसूळ झाल्याचं निदान असेल तर नाही म्हणजे नाही. मणका दबून फ्रॅक्चर व्हायला तिथे फार लागत नाही. सौ. ५९ च्या आहेत, हाडांची घनता कधी तपासली नसेल तर जाण्याआधी तपासून घ्यायला हे निमित्त चांगलं आहे.

गोल्ड रश एक्सप्रेस ही कुटुंबासाठीची रोलरकोस्टर आहे, उलटंपालटं काही नाही. दोघांनीही पहिली तीच घ्या. त्यात मान कशी वागते यावरून पुढचं ठरवा.

राजासॉरसची पाण्यातली राइड तर चुकवूच नका. बोट अंधारातून डायनोसॉरमधून फिरते आणि मग खाली पडते. पडताना पाठ टेकलेली आणि पोटाचे स्नायू घट्ट असू द्या, कारण पाण्यावर आपटण्याचा धक्का थेट माकडहाडाला पोचतो. (राजासॉरस हा खराखुरा भारतीय डायनोसॉर. गुजरातेत सापडलेल्या हाडांवरून २००३ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. ९ वर्षांच्या नातवंडाला रांगेत सांगायला उपयोगी पडेल.)

---

फिजिओ_इंदिरानगर

वरचं सगळं बरोबर. पण अशा दिवशी ज्येष्ठांची तब्येत बिघडते ती जास्त करून राइडच्या बाहेर. रांगेत उभं राहणं, पायऱ्या आणि ऊन या तिघांकडे लक्ष द्या.

आधी घरच्या घरी चाचणी. हात नसलेली, साधारण १७ इंच उंचीची खुर्ची भिंतीला टेकवा. हात छातीवर दुमडा आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता-बसता येतं ते मोजा. ६० ते ६४ वयाच्या पुरुषाला १४ पेक्षा कमी आणि त्याच वयाच्या बाईला १२ पेक्षा कमी जमलं, तर पायांची ताकद सरासरीखाली आहे. सौ. ५९ च्या असल्या तरी त्यांनाही हाच आकडा धरा. राइडमध्ये बसणं-उठणं हे नेमकं हेच काम आहे, शिवाय सीट खोल असते आणि मागच्यांना घाई असते.

हाताशी सहा आठवडे असतील तर पुरे.

चालणं: पार्कात दिवसभरात दहा-बारा हजार पावलं सहज होतात. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर किंवा गोल्फ क्लब मैदानावर आज जेवढं सहज जमतं तिथून सुरुवात करा आणि दर आठवड्याला ५००-७०० पावलं वाढवा. एकदम दुप्पट केलंत तर गुडघा सुजतो आणि दहा दिवस फुकट जातात.

उभं राहणं: याचा सराव कुणी करत नाही. चालताना पोटऱ्या पंपासारखं रक्त वर ढकलतात, नुसतं उभं राहिलं की ते पायात साठतं. अ‍ॅम्लोडिपिनने आधीच काहींचे घोटे सुजतात, त्यात ही भर. रांगेत दर पाच मिनिटांनी २० वेळा टाचा उचला. नातवंडांनाही करायला लावा, कुणाला विचित्र वाटत नाही.

पायऱ्या: चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. सौ. साठी चढताना डावा, उतरताना उजवा. बोटीत पाय टाकतानाही हाच नियम, कारण तेही उतरणंच आहे. काठी घेणार असाल तर ती डाव्या हातात, म्हणजे दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध बाजूला. बरेच जण दुखऱ्या बाजूलाच धरतात आणि त्याने भार कमी होत नाही. शेवटच्या दोन आठवड्यांत पांडवलेणीच्या पायऱ्यांवर सावकाश सराव करा. मात्र गुडघा दुसऱ्या दिवशीही दुखत राहिला तर थोड्याच पायऱ्यांवरून परत फिरा. उतरताना गुडघ्यावर वजनाच्या साधारण तिप्पट भार येतो, म्हणून मोजायचं ते उतरणं.

काका, टॅम्सुलोसिनबद्दल खास सांगतो. या गोळीने झटकन उभं राहिल्यावर बीपी खाली जाऊ शकतं. राइड थांबली, हार्नेस वर गेला, की लगेच उठू नका. पावलं दहा-बारा वेळा वर-खाली हलवा, मग कठडा धरून उभे राहा आणि दोन श्वास घेऊन पाऊल टाका. कर्मचारी घाई करत असेल तर हात वर करून थांबायला सांगा, तो थांबतो.

---

चष्मेवाला_कॉलेजरोड

एक गोष्ट राहिली. प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल चष्मा असेल तर त्या दिवशी फक्त लांबचा, एकाच नंबरचा चष्मा न्या. प्रोग्रेसिव्हमध्ये खाली बघितलं की वाचायचा भाग समोर येतो आणि पायरी पुसट दिसते. अंधाऱ्या रांगांमध्ये माणसं पडतात ती यानेच. शिवाय वय वाढलं की डोळ्याला उजेडातून अंधारात रुळायला जास्त वेळ लागतो. आत शिरल्यावर मिनिटभर कठड्याशी थांबा, मागच्यांना पुढे जाऊ द्या.

मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल, डोळ्याच्या आतल्या पडद्याचा त्रास असेल, किंवा सौ. च्या पडद्यावर मधुमेहाचा परिणाम दिसला असेल, तर जोरदार राइडची परवानगी नेत्रतज्ज्ञाकडून घ्या. राइडनंतर डोळ्यापुढे नवीन ठिपके, विजेसारखे चमकारे किंवा पडदा ओढल्यासारखं दिसलं तर ‘उद्या बघू’ नको, त्याच दिवशी दाखवा.

कवळी, विशेषतः दोन-तीन दातांची काढता येणारी, वेगवान राइडआधी काढून डबीत ठेवा. ती घशात जाऊ शकते. श्रवणयंत्रही काढा.

---

सावरकरनगरकर

खुर्चीची चाचणी आत्ताच केली: मी १५, सौ. ११. म्हणजे त्यांना सराव हवाच.

मळमळीसाठी घाटात त्यांना अ‍ॅव्होमिन देतो. तीच पार्कात चालेल का? आणि एक सांगायचं राहिलं: त्यांना डॉक्टरांनी अ‍ॅस्पिरिन ७५ सुद्धा दिली आहे. त्याने काही फरक पडतो का?

---

औषधांचं_दुकान_पंचवटी

अ‍ॅव्होमिनमध्ये प्रोमेथाझिन असतं. प्रवासात मागच्या सीटवर झोपायचं असेल तेव्हा ठीक, पण पार्कात दिवसभर पायऱ्या चढायच्या असताना तिची झापड धोक्याची. तोंड कोरडं पडतं, ज्येष्ठांना गोंधळल्यासारखं होतं. काका, तुम्ही तर ती घेऊच नका, प्रोस्टेट असलेल्यांची लघवी अडू शकते. काचबिंदू असेल तरीही नको.

गोळीपेक्षा राइड टाळणं सोपं. मळमळ होते ती डोळा एक सांगतो आणि कान दुसरं, त्या विसंगतीतून. ‘मिस्टर इंडिया’सारख्या हलत्या खुर्च्यांच्या पडद्यावरच्या राइडमध्ये हे सगळ्यात जास्त होतं, आणि वयाबरोबर वाढतं. घेतलीच तर मधल्या रांगेतली मधली खुर्ची घ्या, तिथे हालचाल कमी. मळमळायला लागलं की डोळे मिटा, नाहीतर नजर पडद्याबाहेरच्या स्थिर गोष्टीवर न्या, दाराच्या दिव्यावर वगैरे. ‘आय फॉर इंडिया’त मोठ्या पडद्यासमोर पाय मोकळे सोडून देशभर उडवतात. ती त्यामानाने संथ आहे, आणि अनेक ज्येष्ठांना तीच सगळ्यात जास्त आवडते.

मधुमेहाचं मात्र काटेकोर हवं. ग्लिमेपिराइड घेतलेलं असताना जास्त चालणं आणि जेवायला उशीर हे दोन्ही जुळून आलं की साखर खाली जाते. थरथर, घाम, चिडचिड ही लक्षणं पार्कात कुणाच्या लक्षात येत नाहीत, ऊन लागलं असंच वाटतं. खिशात ग्लुकोज पावडर ठेवा. लक्षण दिसलं की तीन चमचे (साधारण १५ ग्रॅम) पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, तरी कमी असेल तर परत तेवढंच, आणि मग खायला द्या. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत अशा ठिकाणी डॉक्टरांची चिठ्ठी आणि ग्लुकोमीटर गेटवरच दाखवा. दुपारचं जेवण रांगेच्या हिशोबाने पुढे ढकलू नका. साडेबारा म्हणजे साडेबारा.

पाण्याच्या राइडनंतर त्यांचे मोजे लगेच बदला, बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा. पावलांना मुंग्या येत असतील किंवा बधिरपणा असेल तर वॉटर पार्कात अनवाणी फिरू देऊ नका. तापलेल्या फरशीने पोळतं आणि ते संध्याकाळी कळतं.

अ‍ॅस्पिरिनबद्दल: वय वाढतं तसा मेंदू किंचित आक्रसतो, आणि मेंदूपासून कवटीकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणलेल्या राहतात. जोराच्या हिसक्याने त्या फाटून मेंदूवरच्या आवरणाखाली रक्त साठल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. असं क्वचित होतं. पण रक्त पातळ करणाऱ्या औषधांनी धोका वाढतो. वॉर्फरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या इतर नवीन गोळ्या चालू असतील तर उलटंपालटं करणाऱ्या राइड नकोतच. एकट्या अ‍ॅस्पिरिनवर असलेल्यांनी डॉक्टरांना नेमकं विचारावं: ‘पाच वेळा उलटं करणारी, खांद्यावरून पट्टा असलेली राइड चालेल का?’ ‘पार्कात जाऊ का?’ एवढंच विचारलं तर ते ‘जा की’ म्हणतील. गोळी मनाने बंद करायची नाही. आणि राइडनंतरच्या काही आठवड्यांत डोकेदुखी वाढत गेली, बोलणं अडखळलं किंवा चाल बदलली, तर डॉक्टरांना राइडचा उल्लेख आवर्जून करा. कारण अशा रक्तस्रावाची लक्षणं उशिरा दिसतात, आणि तोवर त्या दिवसाशी संबंध कुणाच्या ध्यानात राहत नाही.

काकांच्या बीपीबद्दल: सकाळची गोळी चुकवू नका. जर्मन डॉक्टरांनी ५५ जणांना रोलरकोस्टरवर बसवून हृदयाची नोंद घेतली होती, २००७ मध्ये ती प्रसिद्ध झाली. ठोके सरासरी ९१ वरून १५३ वर गेले, तेही निरोगी माणसांचे. म्हणून त्या सकाळी हॉटेलवर बीपी मोजा. वरचा आकडा १६० पेक्षा जास्त असेल तर नायट्रो त्या दिवसापुरती रद्द.

---

घाटवाट_इगतपुरी

एका दिवसात जाऊन येऊ नका. साधारण दोनशे किलोमीटर आहे. पाच तास गाडीत बसून सुजलेले पाय घेऊन रांगेत उभं राहायचं आणि रात्री परत घाट चढायचा, हे तरुणांनाही जड जातं. आदल्या दुपारी निघा, खोपोलीत किंवा पार्कजवळ मुक्काम करा. दुसऱ्या दिवशी पार्क, तिसऱ्या दिवशी सकाळी परत.

रस्ते दोन. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे (भिवंडीजवळ) हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. त्यावर आठेक किलोमीटरचा बोगदा आहे आणि कसारा घाटाची वळणं पूर्ण टळतात. सौ. साठी हीच मोठी सोय. शहापूरजवळ खुटघरला उतरून मुरबाड–कर्जतमार्गे खोपोली गाठता येते. अंतर कमी, पण रस्ता वळणांचा आणि गावागावांतून, त्यामुळे उजेडीच करा. दुसरा पर्याय म्हणजे आमण्यापर्यंत जाऊन कल्याण–शीळफाटा–पनवेल आणि मग द्रुतगती मार्ग. रस्ता रुंद, पण शीळफाट्याची कोंडी कधी किती खाईल याचा नेम नाही. मळमळणाऱ्या माणसाला पुढच्या सीटवर बसवा, मोबाइल बंद.

रेल्वेने जायचं तर नाशिकरोडहून कल्याण आणि तिथून कर्जत-खोपोलीची लोकल. खोपोलीच्या लोकल मोजक्या आहेत आणि कल्याणला सामान घेऊन फलाट बदलावा लागतो. झिजलेल्या गुडघ्याला मी तो सुचवणार नाही.

डिसेंबर निवडलात ते छान. फक्त नाताळचा आठवडा आणि शनिवार-रविवार सोडा, मंगळवार-बुधवार पाहा. निघताना नाशकात स्वेटर लागेल, पण खोपोलीला दुपारी घाम येतो. आपल्याकडच्या कोरड्या हवेत घाम उडून जातो, तिकडे दमटपणामुळे तो अंगावरच राहतो आणि शरीर थंड होत नाही. सुती, सैल कपडे, एकावर एक घातलेले. दर अर्ध्या तासाला घोट-घोट पाणी. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटरमध्येच मिसळायचं, अर्धं पाकीट अंदाजाने नाही. सौ. ना ते नुसतं तहानेसाठी नको, त्यात साखर असते.

---

नटबोल्ट_सातपूर

दिवसाचा क्रम मी असा लावेन. गेट उघडायच्या अर्धा तास आधी पोचा. आत गेल्यावर गर्दी सरळ नायट्रोकडे धावते, तिला जाऊ द्या. तुम्ही गोल्ड रश घ्या. काका, मान आणि बीपी ठीक असेल आणि डॉक्टरांचा होकार असेल तर त्यानंतर १४ वर्षांच्या नातवंडाबरोबर नायट्रो, एकदाच. लागोपाठ दुसरी फेरी नको, पहिल्या फेरीत थकलेले मानेचे स्नायू दुसरीत आधार देत नाहीत. तेवढ्यात सौ. आणि धाकटं नातवंड अलिबाबाच्या गुहेत नेमबाजी करू शकतात. बसून करायचं काम आहे, आणि तिथे आजी जिंकते.

राजासॉरस जेवणाच्या तासभर आधी, म्हणजे कपडे उन्हात वाळतील. साडेबाराला जेवण. त्यानंतर साडेतीनपर्यंत फक्त वातानुकूलित आतल्या गोष्टी: आय फॉर इंडिया, शो. जेवल्यावर तासभर फिरणारं काहीही नको. चारनंतर ऊन उतरलं की गुडघा काय म्हणतो ते बघून ठरवा.

चपला नकोत. नायट्रोवर पाय लोंबकळतात, चप्पल गेली की गेली. वेल्क्रोचे बूट घ्या, सौ. ना ते काढायला वाकावं लागत नाही. त्या दिवशी कोणती राइड दुरुस्तीसाठी बंद आहे, व्हीलचेअर मिळते का आणि ज्येष्ठांसाठी रांगेची वेगळी वाट आहे का, हे तिकीट काढायच्या आधी फोनवर विचारा.

---

सिन्नरफाटा

सौ. च्या गुडघ्याची सराव म्हणून परीक्षा घ्यायची असेल तर आधी एक रविवार शिर्डीचं साई तीर्थ हे थीम पार्क करून या. सिन्नरमार्गे नव्वद किलोमीटरच्या आत, सकाळी जाऊन संध्याकाळी घरी. तिथे मुख्यतः बसून बघायचे शो आहेत आणि मंदिरांमधून फिरवणारी संथ राइड. किती पावलं झाली, किती वेळ उभं राहता आलं, दुसऱ्या सकाळी गुडघा सुजला का, हे वहीत लिहा. इमॅजिकाच्या दिवशी रांगा त्याहून लांब असतील हे धरून बेत आखा.

---

सावरकरनगरकर

सगळ्यांचे आभार. येत्या रविवारी साई तीर्थ. डॉक्टरांची वेळ शुक्रवारची घेतली आहे, प्रश्न तुमच्याच शब्दांत लिहून नेतोय. सौ. नी खुर्ची आत्ताच भिंतीला लावली आहे.

---

फिजिओ_इंदिरानगर

दिवसातून दोनदा, दर वेळी ८ उठाबशा, तीन फेऱ्या. गुडघा पावलाच्या बोटांपुढे फार जाऊ देऊ नका आणि आत वळू देऊ नका. उठताना श्वास सोडायचा. दोन आठवड्यांनी पुन्हा ३० सेकंद मोजून इथे आकडा लिहा, त्यावरून पुढचं सांगतो.